‘ताजी मासळी’ आणि पाण्यातील जंतू : एक अर्थविचार

मासळीबाजारात टोपलीपुढे बसलेले गिऱ्हाईक बोलण्यापूर्वी पाहते. ते माशाचा कल्ला उचलून त्याची लाली पाहते, डोळा पाणीदार आहे की आत गेला आहे हे पाहते, पाठीवर बोट दाबून खळगा भरून येतो की तसाच राहतो याची खातरजमा करते, आणि मगच ‘मावशी, ताजं आहे ना?’ असा प्रश्न टाकते. हा प्रश्न उत्तरासाठी नसतो. भाव सुरू करण्यापूर्वीचा तो एक उपचार असतो. कोळीणही तितक्याच सहजपणे ‘फडफडीत आहे बघ’ म्हणून कल्ला पुन्हा उघडून दाखविते. या लहानशा संवादात आणि त्याच्या आसपास जे शब्द वावरतात – ताजा, फडफडीत, उतरलेला, मऊ पडलेला, पोट फुटलेला, शिळा, नासका, कुजका, वास मारणारा – ते एकत्र मांडले असता असे दिसून येते की मराठी भाषकाने मासळीच्या गुणदोषांचा विचार जवळजवळ सर्वस्वी एकाच रेषेवर केला आहे. त्या रेषेच्या एका टोकाला नुकताच पाण्याबाहेर आलेला मासा आहे, दुसऱ्या टोकाला कुजलेला; आणि मधली प्रत्येक पायरी डोळ्याला, नाकाला वा बोटाला कळणारी आहे.

हा शब्दसंग्रह समृद्ध आहे आणि आपल्या कामापुरता तो अचूकही आहे. ‘मासा नासला आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर तो बिनचूक देतो. ‘या माशाने, किंवा तो ज्या पाण्यातून काढला त्या पाण्याने, मला आजार होईल काय?’ हा प्रश्न मात्र निराळा आहे, आणि त्यासाठी या संग्रहात एकही शब्द नाही. दोन प्रश्नांचे काम एकाच शब्दावर सोपविले गेल्यामुळे ‘ताजे’ या शब्दात ‘निर्धोक’ हा अर्थ नकळत शिरला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हा अर्थसंकर आणि त्यातून उद्भवणारा धोका हा आहे. किनाऱ्यावरील बोलींच्या अभ्यासासाठी खाजणात उतरणाऱ्या आणि यजमानाच्या घरी जेवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनाही हा विचार परका वाटू नये.

प्रथम वासाविषयी. समुद्रातील माशाच्या मांसात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे एक गंधहीन द्रव्य असते. मासा मेल्यावर त्याच्या कातडीवरील व आतड्यांतील काही जंतू वाढू लागतात आणि या द्रव्याचे ट्रायमिथिलअमाइनमध्ये रूपांतर करतात. आपण ज्याला मासळीचा वास म्हणतो तो मुख्यतः याचा. हे जंतू थंडीतही सावकाश वाढतात, मांस मऊ करतात, चव बिघडवितात; परंतु त्यांतील बहुतेक माणसाला आजारी पाडीत नाहीत. उलटपक्षी, जे जंतू माणसाला आजारी पाडतात ते बहुधा इतक्या अल्प संख्येने असतात आणि मांसाच्या रासायनिक घटनेत इतका थोडा फरक करतात की नाकाला त्यांचा पत्ता लागत नाही. नाकाचा निर्णय नाकाच्या प्रश्नापुरता खरा असतो. आपण त्याला दुसऱ्याच खटल्यात साक्षीला बोलावितो, एवढाच दोष.

येथे ‘जंतू’ हा शब्द हेतुपुरस्सर वापरला आहे. शासकीय परिभाषेत ‘जिवाणू’ व ‘विषाणू’ असा नेमका भेद केलेला आहे आणि तो पाळणे शास्त्रीय लेखनात आवश्यकच आहे; तथापि किनाऱ्यावरील माणूस ‘जंतू’च म्हणतो, आणि या लेखात ज्यांचा विचार आहे ते सर्व जिवाणूच असल्याने घोटाळ्याची भीती नाही.

या जंतूंपैकी आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कुल व्हिब्रिओ हे होय. थरथरणे, कंप पावणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून म्यूलर या डॅनिश निसर्गशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात हे नाव घडविले. सूक्ष्मदर्शकाखाली सतत थरथरत पळणारे ते जीव पाहिले म्हणजे नामकरण सार्थ वाटते. याच कुलातील एक जंतू १८५४ मध्ये फ्लॉरेन्स येथे पाचिनी याने पटकीच्या रोग्यांच्या आतड्यांत पाहिला. पुढे १८८४ मध्ये कॉख याने कलकत्त्यास त्याचा संबंध निश्चित केला आणि त्याच्या वाकड्या आकारावरून त्याला ‘स्वल्पविराम-जंतू’ म्हटले. विरामचिन्हावरून जंतूला नाव पडल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. आपल्याकडे या रोगाला पटकी, महामारी, जरीमरी अशी नावे होती. पैकी जरीमरी ही देवताही होती, आणि मुंबईत तिची देवळे आजही आहेत.

पटकीचा जंतू सर्वांस ठाऊक आहे. त्याचे दोन भाऊबंद तितकेसे ठाऊक नाहीत. १९५० मध्ये जपानातील ओसाका शहरात अर्धवट सुकविलेली बारीक मासळी खाऊन २७२ माणसे आजारी पडली व त्यांतील २० दगावली. या प्रसंगाचा शोध घेताना फुजिनो यांना जो जंतू सापडला त्याला पुढे व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हे नाव मिळाले. पोटात कळा, जुलाब व ओकाऱ्या हे त्याचे काम. त्याचा एक विशेष प्रकार १९९६ मध्ये कलकत्त्यास प्रथम आढळला आणि तेथून अनेक देशांत पसरला. दुसरा भाऊ व्हिब्रिओ व्हल्निफिकस. ‘व्हल्नस’ म्हणजे जखम आणि ‘व्हल्निफिकस’ म्हणजे जखम करणारा. लॅटिन कवी हे विशेषण पोलादी शस्त्राला लावीत. १९७६ मध्ये ज्यांनी हे नाव जंतूला दिले त्यांनी त्या एका शब्दात रोगाचे निम्मे वर्णन केले आहे, कारण हा जंतू पोटातून जसा शिरतो तसाच जखमेतूनही शिरतो. भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील दोन खाड्यांतील कालवांत तो आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. तेव्हा हा दूरच्या देशाचा प्रश्न आहे असे समजण्याचे कारण नाही.

आता दुसरी शब्दजोडी पाहू : ‘स्वच्छ पाणी’ आणि ‘घाण पाणी’. पटकी व विषमज्वर हे रोग मैलापाण्यातून पसरतात, म्हणून आरोग्यशिक्षणाच्या गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ‘दूषित पाणी’ हा शब्दप्रयोग मराठीत पक्का रुजला आहे. दूषित म्हणजे कोणीतरी दूषित केलेले. कर्मणि प्रयोगातच कर्त्याची, म्हणजे गटाराची वा वस्तीची, छाया आहे. वर सांगितलेल्या दोन्ही व्हिब्रिओंना मात्र असा कर्ता लागत नाही. ते खाडीचे मूळ रहिवासी आहेत. पाणी २० अंश सेल्सिअसहून अधिक उबदार असावे आणि भर समुद्राइतके खारट नसून मचूळ असावे, एवढीच व्हल्निफिकसची अपेक्षा असते. नदी जेथे समुद्राला मिळते तेथे, आणि विशेषतः पावसाळ्यात, कोकणच्या खाड्यांचे पाणी नेमके असेच असते. वस्तीपासून दूर असलेल्या, तळ दिसेल अशा नितळ खाडीतही हे जंतू असू शकतात. ‘आमच्या खाडीचे पाणी स्वच्छ आहे’ हे विधान खरे असूनही प्रस्तुत प्रश्नाला त्याचा काहीच उपयोग नाही.

कोकणात, गोव्यात व मुंबईच्या किनाऱ्यावर मासळी कच्ची खाण्याची रीत नाही. पाश्चात्त्य देशांतील सूचनापत्रकांत निम्मी जागा कच्च्या कालवांवर खर्च झालेली असते, आणि त्यांची भाषांतरे आपल्याकडे वाचली म्हणजे वाचणाऱ्यास हा विषय आपला नाही असे वाटून तो पत्रक बाजूला ठेवतो. वास्तविक आपल्याकडे तोंडापेक्षा कातडीचा मार्ग अधिक विचार करण्याजोगा आहे. ओहोटीला खडपावर कालवे काढणाऱ्या बायका, चिखलातून तिसऱ्या वेचणारी मुले, पाग टाकण्यासाठी कमरेइतक्या पाण्यात उभा राहणारा माणूस, रापण ओढणारे पंधरा-वीस हात, गरवायला बसलेला शहरी पाहुणा – या प्रत्येकाच्या हातापायांना दिवसाकाठी काही ना काही लागतेच. कालवाच्या शिंपेची धार वस्तऱ्यासारखी असते. कोळंबीच्या डोक्याचे टोक, शिंगाळ्याचा काटा, पाकटाच्या शेपटीचा काटा, आणि रायगडात चिंबोरी व दक्षिणेकडे कुर्ली म्हणविणाऱ्या प्राण्याची नांगी ही सर्व शस्त्रेच होत.

या जखमांना बोलीत कोणते शब्द आहेत हे लक्षपूर्वक ऐकावे. ‘जरा खरचटलं’, ‘काटा लागला’, ‘शिंप लागली’. ‘लागणे’ हे क्रियापद मराठीत इतके सौम्य आहे की उन्हालाही ते चालते आणि भुकेलाही. रोजच्या धंद्यातली ही गोष्ट आहे, तिचा बाऊ करून चालत नाही, हा जीवनानुभव त्या शब्दात आहे, आणि शंभरांत नव्याण्णव वेळा तो बरोबरही ठरतो. त्याच्या जोडीला ‘खाऱ्या पाण्याने जखम बरी होते’ ही समजूत अनेक ठिकाणी ऐकू येते. घरी मीठ घालून उकळलेले पाणी आणि खाडीचे जिवंत पाणी यांना ‘खारे’ हे एकच विशेषण लागते, म्हणून ही गफलत होत असावी. व्हिब्रिओला मीठ मारक नसून पोषक आहे. थोडे मीठ नसेल तर तो वाढतच नाही.

व्हल्निफिकस जखमेतून शिरला म्हणजे काय होते ते स्पष्ट सांगितले पाहिजे. काही तासांतच, बहुधा दिवसाच्या आत, जखमेभोवतीचा भाग लाल होऊन सुजतो. जखमेच्या आकाराच्या मानाने वेदना फारच जास्त असतात. लाली डोळ्यांदेखत वर सरकते. कातडीवर जांभळट, रक्ताळ पाण्याने भरलेले फोड येतात. ताप व थंडी भरते. जंतू रक्तात पसरला तर रक्तदाब कोसळतो. या संसर्गाच्या सुमारे ५ रोग्यांपैकी १ दगावतो, आणि तोही कधी कधी दुखणे सुरू झाल्यापासून एक-दोन दिवसांत. २००५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर कतरिना चक्रीवादळ आले, त्यानंतर पुराच्या पाण्यातून वावरलेल्या लोकांत व्हिब्रिओजन्य आजाराचे २२ रोगी नोंदले गेले व त्यांपैकी ५ मरण पावले. बहुतेकांच्या शरीरात जंतू शिरला तो जखमेवाटे.

निरोगी माणसाला एवढा भयंकर आजार क्वचितच होतो हेही त्याच स्पष्टतेने सांगावे, नाहीतर ज्यांचे पोट खाडीवर आहे त्यांना विनाकारण धास्ती घातल्यासारखे होईल. धोका मुख्यतः यकृताचे दुखणे असलेल्यांना, दीर्घकाळ दारू पिणाऱ्यांना, मधुमेह्यांना, शरीरात लोह साठण्याचा विकार असणाऱ्यांना आणि ज्यांची रोगप्रतिकारशक्ती आजाराने वा औषधांनी क्षीण झाली आहे अशांना असतो. मेख अशी की यकृत बिघडले आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

करावयाचे ते फारसे अवघड नाही. अंगावर उघडी जखम, चिघळलेला फोड, ताजा गोंदणाचा वा शस्त्रक्रियेचा व्रण असेल तर मचूळ पाण्यात उतरू नये. उतरणे भागच असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावावी. कालवे काढताना व मासळी साफ करताना जाड हातमोजे असावेत, पायांत बूट वा निदान टाचबंद पादत्राणे असावीत. लागले तर काम संपेपर्यंत थांबू नये. सोबत आणलेल्या पिण्याच्या पाण्याने व साबणाने जखम तत्काळ धुवावी. काट्याचे टोक आत मोडले असल्यास ते घरी सुईने उकरू नये. धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षे झाली याची आठवण ठेवावी.

आणि डॉक्टरकडे गेल्यावर काय बोलावे? आमच्या मते हा या विषयाचा कळीचा भाग आहे आणि तो सर्वस्वी भाषेचा आहे. रोगी सांगतो, ‘पाय सुजलाय, ताप आहे.’ पायाला कोठे व कशाने लागले हे तो सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ‘खरचटणे’ ही घटनाच नव्हे. डॉक्टर सर्वसाधारण जखमेवरचे औषध देतात. ते या जंतूवर पुरे पडेलच असे नाही. ‘काल दुपारी खाडीत कालवाची शिंप लागली’ हे एक वाक्य बोलले गेले तर डॉक्टरांचे विचारचक्र निराळ्या दिशेने फिरते : डॉक्सिसायक्लीन व त्याच्या जोडीला सेफालोस्पोरिन गटातील योग्य औषध सुरू होते, आणि जरूर पडल्यास सडलेला भाग काढण्याची शस्त्रक्रिया वेळेवर होते. या रोगात काही तासांचा उशीरही जिवावर बेततो. कोष्टकात न बसणारी, निवेदनातून सहज गळून जाणारी माहितीच कधी कधी निर्णायक असते, हे बोलींचे नमुने गोळा करणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

सावकाश चालणारे जंतूही आहेत. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयजंतूचा दूरचा नातलग. त्याची गाठ जखमेच्या जागी दोन-चार आठवड्यांनी उठते, तोवर रोगी काटा लागल्याचे विसरूनही गेलेला असतो. एरिसिपेलोथ्रिक्स हा दुसरा. मासळी हाताळणाऱ्यांच्या बोटांवर तो जांभळट-लाल, दुखरी सूज आणतो. दोन्ही बरे होतात, पण येथेही ‘मासळीचे काम करते’ हे सांगितल्याशिवाय निदान लवकर होत नाही.

आता तोंडाच्या मार्गाकडे वळू. मुंबईच्या बाजारात ‘बर्फातली मासळी’ हा जवळजवळ तुच्छतादर्शक प्रयोग आहे. ‘ताजी’ या शब्दाच्या विरोधात तो उभा केला जातो, आणि बर्फाचा स्पर्श न झालेली मासळी श्रेष्ठ मानली जाते. घरच्या होडीतून उतरून तासाभरात चुलीवर चढणाऱ्या मासळीच्या बाबतीत हे योग्यच आहे. परंतु तीच मासळी उघड्या टोपलीत दुपारपर्यंत उन्हात राहिली तर? पॅराहिमोलिटिकसला अनुकूल उष्णता मिळाली म्हणजे तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. बारा मिनिटांचा हिशेब धरला तरी दोन तासांत एकाचे १०२४ होतात. बर्फाने जंतू मरत नाहीत, पण त्यांची वाढ थोपते; म्हणून पकडल्या क्षणापासून मासळी बर्फात ठेवणे आणि घरी ४ अंशांपर्यंतच्या थंडाव्यात ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मिठाच्या हलक्या हातावर विसंबू नये; ओसाकाची ती मासळीही अर्धवट सुकलेलीच होती.

बांगड्याची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. बांगडा, कुपा यांसारख्या गडद मांसाच्या माशांत हिस्टिडीन हे द्रव्य भरपूर असते. मासा उष्ण राहिला तर काही जंतू त्याचे हिस्टामिन बनवितात. असा बांगडा खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात. आपल्याकडे याला ‘बांगडा बाधला’ म्हणतात. ‘बाधणे’ हे मोठे अर्थपूर्ण क्रियापद आहे. त्यात दोष पदार्थाचा की खाणाऱ्याच्या प्रकृतीचा हे अनिर्णीत राहते; भुताची बाधा आणि अन्नाची बाधा एकाच धातूची. परिणामी ‘मला बांगडा बाधतो’ असे म्हणून माणूस जन्मभर बांगडा सोडतो, आणि त्या दिवशीची टोपली उन्हात होती हे कोणी विचारीत नाही. विशेष लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की हिस्टामिन शिजविल्याने नाहीसे होत नाही. कितीही तिखटजाळ, खरपूस तळले तरी ते राहते. ‘शिजवलं म्हणजे सगळं मेलं’ हा नियम जंतूंपुरता आहे. जंतूंनी मागे ठेवलेल्या विषाला तो लागू नाही.

जंतूंपुरता मात्र तो नियम भक्कम आहे, फक्त ‘शिजणे’ कशाला म्हणावे हे ठरविले पाहिजे. माशाच्या तुकड्याच्या गाभ्यात ६३ अंश उष्णता पोचली म्हणजे तो शिजला; मांस अपारदर्शक होऊन काट्यापासून सुटते ही त्याची खूण. आमसुलाने, लिंबाने वा व्हिनेगरने मांस घट्ट व पांढरे होते, पण ते शिजलेले नव्हे; आंबटपणाने जंतू मरतीलच अशी खात्री नसते. कवचातील प्राण्यांच्या बाबतीत अधिक काळजी हवी. तिसऱ्या, कालवे, शिणाणे हे प्राणी पाणी गाळून त्यातील सूक्ष्म अन्नावर जगतात. दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी त्यांच्यातून जाते आणि पाण्यातील जंतू त्यांच्यात साठतात. जिवंत, तोंड मिटलेली, नुकतीच काढलेली तिसरी ही ‘ताजी’ या शब्दाची पराकाष्ठा आहे, आणि जंतू तिच्यातही तितकेच असतात. आपल्या स्वयंपाकघरात वाफ दिल्यावर ‘तोंड उघडलं’ की झाले असे मानतात. तोंड उघडणे ही शिजण्याची सुरुवात आहे. उघडल्यानंतर उकळत्या पाण्यात आणखी ३ ते ५ मिनिटे, किंवा वाफेवर ४ ते ९ मिनिटे ठेवावे. मुळात ज्यांचे तोंड उघडलेले व मिटत नाही त्या शिजवू नयेत, आणि शिजवूनही ज्या उघडल्या नाहीत त्या टाकून द्याव्यात.

इंग्रजी व फ्रेंच भाषकांत एक जुना संकेत आहे की ज्या महिन्याच्या नावात ‘र’ आहे त्याच महिन्यात कालवे खावीत. मे, जून, जुलै, ऑगस्ट या चार नावांत ‘र’ नाही, आणि उत्तर गोलार्धातील थंड समुद्रात हेच उबदार महिने. ही नावे मराठीने घेतली आणि योगायोगाने त्यांतील ‘र’ही जागच्या जागी राहिला, संकेत मात्र आपल्याकडे निरर्थक आहे, कारण कोकणचे पाणी बारा महिने २० अंशांच्या वर असते. खुद्द मेक्सिकोच्या आखातातील कालवांनाही तो लागू पडत नाही, हे पुढे येणाऱ्या एका कायद्यावरून दिसेल.

स्वयंपाकघरातील आणखी एक मुद्दा मराठी संस्कृतीच्या अभ्यासकाला रुचेल. स्पर्शाने एक वस्तू दुसरीला बिघडविते या कल्पनेसाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही : उष्टे, खरकटे, ओवळे, विटाळ. पण ‘खरकटे’ची दिशा पाहा. कच्चा तांदूळ खरकटा नसतो. शिजला की तो खरकटा होतो आणि ज्याला लागेल त्याला खरकटे करतो. म्हणजे परंपरेत दोष शिजलेल्याकडून न शिजलेल्याकडे वाहतो. जंतुशास्त्रात प्रवाह नेमका उलट आहे : कच्च्या मासळीचे पाणी, ज्या विळीवर ती चिरली ती विळी, ज्या ताटात ती धुतली ते ताट, यांच्या स्पर्शाने शिजलेले अन्न बिघडते. विळीवर मासळी चिरून नुसता पाण्याचा हात फिरवून त्यावर कोशिंबिरीचा कांदा चिरला जातो, आणि भाताचे शित लागलेला हात मात्र तीनदा धुतला जातो. या उलट्या दिशेच्या स्पर्शदोषाला मराठीत शब्द नाही. तो घडवावा असे आम्ही म्हणत नाही. घडविलेले शब्द क्वचितच स्वयंपाकघरात पोचतात. विळी, हात व भांडी साबणाने धुणे आणि कोशिंबीर आधी चिरणे एवढे पुरे आहे.

नदी-तलावांत मासे धरणाऱ्या भोई समाजाचा व हौशी गरवणाऱ्यांचा प्रश्न थोडक्यात. गोड्या पाण्यात व्हिब्रिओऐवजी एरोमोनास हा जखमेत शिरणारा जंतू असतो. तो धुण्याचे व डॉक्टरांना सांगण्याचे सर्व नियम मागतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुत्रातून येणारा लेप्टोस्पायरा असतो. २००५ च्या २६ जुलैच्या महापुरानंतर मुंबईत ‘लेप्टो’ हा शब्द घरोघर पोचला, हे त्या रोगाच्या दृष्टीने सुदैवच. रोगाला सुटसुटीत नाव असले की रोगी ते डॉक्टरांसमोर उच्चारू शकतो.

शेवटी सूचनाफलकांविषयी, कारण भाषाशास्त्र विभागाच्या पत्रिकेत या विषयाला जागा मागण्याचे तेच कारण आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९९१ मध्ये मेक्सिकोच्या आखातातील कच्ची कालवे विकणाऱ्या उपाहारगृहांत धोक्याची लेखी सूचना लावणे सक्तीचे केले. सूचना लागल्या, आणि मृत्यू होतच राहिले. २००३ मध्ये राज्याने एप्रिल ते ऑक्टोबर या काळात काढलेल्या आखाती कालवांवर जंतू मारणारी प्रक्रिया केल्याशिवाय विक्री बंद केली. त्यानंतर राज्यातील हे मृत्यू जवळजवळ थांबले. (एप्रिल, सप्टेंबर व ऑक्टोबर या तिन्ही नावांत ‘र’ आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.) शब्दांची मर्यादा दाखविणारे हे उदाहरण आहे आणि आपण ते नम्रपणे स्वीकारावे. परंतु जखमेच्या मार्गावर अशी प्रक्रिया करता येत नाही. खाडी उकळता येत नाही. तेथे शब्दांवाचून गत्यंतर नाही, म्हणून ते नेमके असावेत.

‘दूषित पाण्यापासून सावध राहा’ हा फलक स्वच्छ खाडीवर कोणी आपल्याला लावून घेणार नाही. ‘कच्ची मासळी खाऊ नये’ हा तर जे कच्चे खातच नाहीत त्यांच्यासाठी आहे. ‘रोगप्रतिकारक्षमता न्यून असलेल्या व्यक्तींनी’ या प्रारंभानंतर पुढे कोणी वाचीत नाही. ‘काविळीचे जुने दुखणे’, ‘साखरेचा आजार’ व ‘दारूची सवय’ हे शब्द मात्र ज्याचे त्याला ओळखू येतात. आम्ही पुढील मजकूर सुचवितो : ‘काविळीचे जुने दुखणे, साखरेचा आजार किंवा दारूची सवय असेल तर अंगावर जखम असताना खाडीत उतरू नका. खाडीत शिंप वा काटा लागला तर लगेच पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने धुवा. सूज किंवा दुखणे वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि खाडीत लागले हे आधी सांगा.’ मजकूर त्या त्या गावच्या बोलीत उतरवून तेथील चार जणांकडून वाचवून घ्यावा, आणि फलक उपाहारगृहात न लावता जेथे होड्या लागतात व जेथून बायका ओहोटीला खडपावर उतरतात तेथे लावावा.